न बोलणारी चूक

"मॅडम, ड्रायव्हर नहीं है तो गाड़ी आई कैसे?"

राइस मिलच्या सेठजींनी मला हे विचारलं तेव्हा ते चिडलेले नव्हते, खरोखर बुचकळ्यात पडले होते. गेटवर धानाचा ट्रॅक्टर उभा, त्याच्यामागे गाड्यांची रांग, आणि गेटच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर कोऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ. त्या ओळीचा अर्थ मी त्यांना सांगत होते. तुमचा प्रोग्राम या गाडीच्या ड्रायव्हरचा मोबाइल नंबर मागून राहिला आहे, पण त्याच्या लेखी या गाडीला ड्रायव्हरच नाही.

ड्रायव्हर होता. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून तो आमच्याकडे मजेनं बघत होता. तो स्वतःच शेतकरी होता आणि स्वतःचं धान स्वतःच्या ट्रॅक्टरनं घेऊन आला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं मात्र शेतकरी एक आणि ड्रायव्हर दुसरा, असंच धरलं होतं. मुनीमजींनी शेतकऱ्याचं नाव टाकलं आणि ड्रायव्हरची जागा रिकामी सोडली. प्रोग्राम त्या रिकाम्या जागेपाशी गेला आणि म्हणाला, तुझा नंबर सांग. रिकामी जागा काय सांगणार? प्रोग्रामनं हातपाय गाळले.

मी तिथं एक लहानशी अट घातली. आधी ड्रायव्हर आहे का ते बघ, नसेल तर शेतकऱ्याचा नंबर घे. रांग हलली. सेठजींनी चहा मागवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले की मॅडमनी बिना ड्रायव्हरची गाडी आत घेतली. आजही मी मिलमध्ये गेले की ते तोच किस्सा सांगतात, आणि दर वेळी ट्रॅक्टरमागची रांग थोडी वाढलेली असते.

माझं बरंचसं काम हे असं आहे. मी कुडव्याला राहते. घराच्या पुढच्या खोलीत टेबल, दोन स्क्रीन आणि इन्व्हर्टर, एवढं माझं ऑफिस. पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम मी दुरुस्त करते. नवे लिहितेही, पण लोक ओळखतात ते दुरुस्तीसाठी. सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून दिवसभर चुका काढते." कॉम्प्युटरच्या, हे त्या थोडं थांबून जोडतात.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगणं कठीण नाही. प्रोग्राममध्ये प्रत्येक माणसाचं, गाडीचं, पावतीचं एक कपाट असतं. त्याला आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. त्या कपाटाच्या एकेका खणाला प्रॉपर्टी म्हणतात. प्रॉपर्टी म्हटलं की आमच्याकडे लोकांना सातबारा आठवतो आणि भाऊहिस्सेदार डोळ्यांपुढे उभे राहतात, म्हणून मी खणच म्हणते. नावाचा खण, गावाचा खण, नंबरचा खण. आता चुका बघा. जे कपाटच नाही त्याचा खण उघडायला गेलं की प्रोग्राम ओरडतो. सेठजींच्या मिलमध्ये तेच झालं. खण केला पण त्यात काही ठेवायच्या आधीच हात घातला, तरी ओरडतो. आणि खणाला कुलूप असताना बाहेरून ओढला, तर फारच ओरडतो.

कुलपावरून आठवलं. कोहमाऱ्याच्या हायवेवर एका लॉजवाल्यांचा प्रोग्राम माझ्याकडे होता. उतरणाऱ्या पाहुण्यांच्या ओळखपत्राचा नंबर त्यात कुलपाच्या खणात होता आणि फक्त मालकांच्या पानावर दिसायचा. त्यांच्या पुतण्यानं तो काउंटरवरच्या पावतीवर छापायचा घाट घातला आणि प्रोग्राम बंद पाडला. मालक म्हणाले, "ताला तोड़ दो मॅडम, अपना ही तो माल है."

"माल तुमचा नाही, पाहुण्यांचा आहे," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी माझं काम दुसऱ्यालाही दिलं नाही. मुख्य म्हणजे पावतीवर नंबर छापला गेला नाही. आमच्याकडची माणसं अशी आहेत. तोंडावर वाद घालतील, पण मागून काही करणार नाहीत. अशा गिऱ्हाइकांवर माझं घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं. त्यांचे उपकार मी मानते, त्यांना सांगत मात्र नाही. सांगितलं की ते बिलात सूट मागतात.

प्रोग्रामच्या ओरडण्याचेही मी उपकारच मानते. लोकांना ती इंग्रजी ओळ दिसली की धडकी भरते. मला बरं वाटतं. ती ओळ कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर, कोणत्या खणाशी घोटाळा झाला ते नेमकं सांगते. आमच्या घरातल्या माणसाला काय झालं म्हणून विचारलं तर इतकं नेमकं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. तरीही काही प्रोग्रामर त्या ओळीचं तोंड बंद करतात. पीएचपीत एक चिन्ह आहे, ईमेलच्या पत्त्यात असतं तेच. ते सूचनेपुढे लावलं की चूक झाली तरी प्रोग्राम गप्प बसतो. पान दिसतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि चूक आतल्या आत राहते.

आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाची साइट अशा चिन्हांनी भरलेली होती.

मंडळाचे सचिव यादवरावजी हे निवृत्त पोस्टमास्तर. एका सकाळी त्यांचा फोन आला. "जय भीम ताई. साइट बंद पडून राहिली जी. कालपर्यंत बरी होती."

मी विहारामागच्या त्यांच्या खोलीत गेले. साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवली होती त्यांनी पीएचपीची नवी आवृत्ती चढवली होती. नवी आवृत्ती कडक आहे, जुने लाड चालवून घेत नाही. साइट लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. मी ती चिन्हं एकेक काढली. काढली तशा चुका बोलू लागल्या. वडील वारलेल्या मुलींच्या पानावर वडिलांच्या कपाटातला व्यवसायाचा खण उघडायचा प्रयत्न चालला होता. काहींचं शिक्षणच भरलेलं नव्हतं. सगळं दुरुस्त करून दिलं. यादवरावजींनी मंडळाच्या बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मला वाटलं, झालं काम.

या साइटची एक गोष्ट मला फार आवडते. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, पण सिकलसेलचा रिपोर्ट बघावा असा मंडळाचा आग्रह आहे. हा रक्ताचा आजार आमच्या भागात अनेक जातीजमातींत आहे. काही माणसं फक्त वाहक असतात. त्यांना स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. पण दोघंही वाहक असले तर त्यांचं मूल आजारी निघायची भीती असते. एकच वाहक असेल आणि दुसरा निरोगी, तर ती भीती नाही. म्हणून साइटवर प्रत्येकाच्या माहितीत रिपोर्ट लिहिलेला असे. पत्रिकेऐवजी रक्त बघणारं मंडळ म्हणून मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

पुढे एका रविवारी मी यादवरावजींना साइट कशी चालवायची ते दाखवायला गेले होते. खोलीत दोन माणसं आधीच बसलेली होती. एक शामरावजी, कोहमाऱ्याच्या पलीकडच्या एका गावचे, घरातले थोरले, सगळ्या पोरांचे मोठे बाबा. दुसऱ्या रत्नाबाई, नवेगाव बांधच्या, तलावावरच्या मासोळीचा त्यांचा धंदा. रत्नाबाईंच्या मुलासाठी शामरावजींच्या मुलीच्या, नीतूच्या लग्नाची गोष्ट चालली होती, आणि रत्नाबाई नकार द्यायला आल्या होत्या.

नीतूला नकार नवे नव्हते. दिसायला नेटकी, शिकलेली, तालुक्याला दवाखान्यात नोकरीवर. तरी आलेलं प्रत्येक स्थळ परत जात होतं. कोणी म्हणे, पोराले पक्की नोकरी लागू द्या. कोणी म्हणे, घर बांधून राहिलो, मग पाहू. सगळे चहापोहे घेऊन, हसून, हात जोडून गेले. घरात कारणं शोधली जात होती. आईनं नीतूचा सावळा रंग धरला होता आणि तिला नाही नाही त्या क्रीम आणून देत होती. नीतूनं शेवटी स्थळ बघायलाच नको म्हणून सांगून टाकलं होतं. हे शेवटचं, म्हणून शामरावजींनी कसंबसं तिला तयार केलं होतं.

शामरावजी नकार ऐकायची तयारी करूनच बसलेले दिसत होते. त्यांनीच वाट करून दिली. "पोराचं शिक्षण चालू असंल, नाई का?"

"शिक्षन कायचं जी?" रत्नाबाई म्हणाल्या. "फोटो पाह्यला, पोरगी मले पसंत आहे. पोरालेबी पसंत आहे. पन माहा पोरगा सिकलचा वाहक आहे, अन् तुमची पोरगीबी वाहक. दोघंबी तसेच असले तं उद्या लेकराचं काय? म्हनून नाई म्हनून राहिली. दुसरं काई नाई."

"नीतू वाहक आहे म्हून कोन सांगतलं तुमाले?"

"कोन कायले सांगंल? तुमच्याच साइटवर लिवलं आहे."

शामरावजी माझ्याकडे, मग यादवरावजींकडे बघत राहिले. "नीतू वाहक नाई," ते हळू आवाजात म्हणाले. "वाहक करुणा आहे, माह्या लहान भावाची पोरगी. दोघींचे रिपोर्ट मीच तं देल्ले होते."

यादवरावजींनी नीतूचं पान उघडलं. वाहक. करुणाचं उघडलं. वाहक. शामरावजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आजवर हसून, हात जोडून परत गेलेली सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावीत. "म्हंजे हे सारे लोकं याच्यानं गेले," ते म्हणाले, "अन् एकजन बोलला नाई."

टाइप करणाऱ्याची चूक असेल, हे आधी माझ्या मनात आलं. पण मी विचारलं, नोंदणी कशी केली? आणि तिथंच धागा हाती लागला. शामरावजींचं घर एकत्र, चूल एक. अशा घरांत बाहेरचं काम थोरल्यानं करायची रीत असते. शाळेत नाव घालणं असो की रेशन, मोठे बाबा एकटे जातात आणि सगळ्यांचं उरकून येतात. मंडळाच्या वधूवर मेळाव्याच्या दिवशीही तेच झालं होतं. त्यांनी एका बैठकीत घरातल्या दोन्ही मुलींची नावं नोंदवली. तेच घर, तेच गाव, तीच शेती पुन्हा लिहायला नको म्हणून साइटवर 'पुढचा सदस्य' असं बटण होतं. ते दाबलं की आधीच्या माणसाच्या कपाटाची नक्कल व्हायची. मग नाव, जन्मतारीख, रिपोर्ट बदलायचा आणि शेवटी सगळ्यांचं एकदम जतन करायचं.

मी दोन खोट्या मुली तयार केल्या. पहिलीला रिपोर्ट दिला निरोगी. बटण दाबलं. दुसरीचं नाव बदललं, रिपोर्ट दिला वाहक. जतन केलं आणि पहिलीचं पान उघडलं. नाव तिचं होतं, जन्मतारीख तिची होती, रिपोर्ट वाहक. स्क्रीनवर कुठे लाल ओळ नाही, तक्रार नाही. पीएचपीच्या दृष्टीनं सगळं सुरळीत चाललं होतं.

झालं होतं ते असं. कपाटाची नक्कल केली की खणातल्या साध्या गोष्टी, म्हणजे नाव किंवा तारीख, यांच्या वेगळ्या नकला होतात. पण एखाद्या खणात दुसऱ्या कपाटाची किल्ली ठेवलेली असेल, तर नक्कल किल्लीची होते, कपाटाची होत नाही. प्रकृतीची माहिती त्या मुलानं अशा वेगळ्या कपाटात ठेवली होती. दोघी बहिणींकडे दोन किल्ल्या, पण उघडणारं कपाट एकच. दुसरीच्या किल्लीनं उघडून आत बदल केला, तो पहिलीचाही झाला. पत्त्याचंही तसंच होतं, पण घर एकच असल्यामुळे ते कुणाला कळलंच नाही. एकेकट्यानं नाव नोंदवणाऱ्यांना ही चूक कधी भेटलीच नसती. ती फक्त एकत्र राहणाऱ्या घरांसाठी दबा धरून बसली होती.

शामरावजींना हे मी किल्ल्यांनी समजावत होते. त्यांनी मला मधेच थांबवलं. "समजलं जी. ताटं दोन, पन भाजीचा गंज एकच. करुणासाठी तिखट टाकलं, तं नीतूच्याबी ताटात आलं."

मी इतकी वर्षं हे काम करते, पण त्यांच्या या एका पातेल्यापेक्षा सोपं करून मला आजही सांगता येत नाही.

दुरुस्ती तीनचार ओळींची होती. नक्कल करताना आतलं कपाटही नवं कर, एवढं सांगायचं. पण प्रोग्राम दुरुस्त झाला तरी आधी चुकीचं लिहून गेलेलं आपोआप दुरुस्त होत नाही. त्या बटणानं नोंदलेल्या सगळ्या घरांचे रिपोर्ट आम्ही साइटवर दिसेनासे केले. यादवरावजींनी एकेका घरी फोन लावला, कारण न लपवता सांगितलं, आणि पुन्हा तपासणी करून या म्हणून विनवलं. त्यांना बोलणीही खावी लागली. त्यांनी ती पोस्टाच्या खिडकीत खात आले तशी शांतपणे खाल्ली. अशा माणसाबरोबर काम करायला मिळालं, हेही माझं भाग्य.

नीतूचं रक्त सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासलं. ती वाहक नव्हती. रत्नाबाईंनी तो कागद स्वतः वाचला, शेजारच्या नर्सकडून खात्री करून घेतली आणि मगच म्हणाल्या, "आता येतो आमी पाहाले. अन् पोहे नोका करू, भाकर करा." लग्न ठरलं. माझ्या घरी नवेगावच्या तलावाची मासोळी आली ती सासूबाईंनी नाक दाबून फ्रिजमध्ये ठेवली आणि रात्री सगळ्यांत आधी ताट घेऊन बसल्या.

एका गोष्टीची हळहळ मात्र राहिली. ती चूक प्रोग्राममध्ये गप्प होती हे मी समजू शकते, यंत्राला कळत नाही. पण इतकी माणसं आमच्याच साइटवर वाचून, मनात कारण ठेवून, गोड बोलून गेली. वाईट हेतूनं नाही, कुणाचं मन दुखू नये म्हणून. त्यांच्यातल्या एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर नीतूनं आरशात बघून स्वतःला दोष दिला नसता.

यानंतर मी साइटवर एक कुलूप बसवलं. रिपोर्ट सगळ्यांना दिसणार नाही, ज्याचा आहे त्यानं परवानगी दिली तरच दिसेल. मंडळानं मान्य केलं. मला वाटलं, हे तरी लोकांच्या भल्याचं झालं.

मग एका दुपारी माझ्या दारात स्कूटी थांबली. करुणा होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. कोहमाऱ्याला एका शाळेत शिकवते म्हणाली. पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलली आणि मग गेले काही दिवस मनात घोळत असलेलं विचारलं. "ताई, नीतूताईचं चुकलं होतं, तं माहंबी चुकलं असंल ना?"

जन्मभर मी चुका शोधत आले, पण एखादी सापडावी म्हणून असा जीव कधी तुटला नव्हता. तिच्यासमोर सगळं उघडलं. तिची नोंद दुसरी होती. तिच्यानंतर कुणाची नक्कल झालेली नव्हती. शामरावजींनी दिलेला रिपोर्ट जसाच्या तसा तिच्या खणात होता.

"मनाची खात्री हवी तर पुन्हा तपासून घे," मी म्हटलं. "पण करुणा, तुझ्या नोंदीत चूक नाही."

ती मान हलवत राहिली. माझ्या हातात होतं ते मी देऊ केलं. तुझ्या रिपोर्टवरचं कुलूप तसंच राहू देते, म्हटलं. गोष्ट पुढे गेली, माणसं चांगली वाटली, की मग तू उघड.

"काऊन?" ती म्हणाली.

"लोक आधीच मागे फिरतात, म्हणून."

"फिरू द्या ना. नीतूताईच्या वेळी सारे गोड बोलून फिरले अन् ती आरशापुढे बसून रडली. रत्नाकाकू फटकन बोलली, तवाच तं समजलं." ती आता सरळ माझ्याकडे बघत होती. "माहं दिसू द्या. ज्याले चालत नाई तो घरीच नाई येनार. माह्या आईचे पोहे वाचतील."

मी हसले, आणि डोळे पुसले. दोन्ही एकदमच झालं.

तिनं खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःचं सगळं पान वाचून काढलं. मोठ्या बाबांनी भरलेलं नाव, शिक्षण, उंची. वाहक या शब्दावर ती थांबली नाही. ती थांबली सगळ्यांत शेवटी, 'अपेक्षा' या खणापाशी. तो रिकामा होता. मोठ्या बाबांना तिथं काय लिहायचं ते माहीत नसणार, आणि तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

"हे मले भरता येते?"

"तुझंच आहे ते."

तिनं कीबोर्ड जवळ घेतला आणि शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं, शुद्ध मराठीत, एकेक शब्द जुळवत लिहिलं: 'मुलाने स्वतःची तपासणी करून, माझा रिपोर्ट वाचून मगच फोन करावा. नाही म्हणायचे असेल तर कारण सांगावे.'

मी काही सुचवायच्या आत तिनं जतनचं बटण दाबलं.